सही अजून तुझ्याकडेच आहे

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पूर्णवेळ पटकथालेखन सुरू केलं. एका जुन्या मित्राला त्याची पहिली स्वतंत्र फिल्म करायची होती. त्याच्याकडे दोन ओळींची कल्पना होती: बंद पडणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजमधली शेवटची रात्र आणि तिथली ऑपरेटर. त्यावर मी १४ महिन्यांत चार ड्राफ्ट लिहिले. चौथा १०४ पानांचा आहे. पैशांचं विचारलं की म्हणतो, फिल्म विकली गेली की निव्वळ नफ्यात तुझे १० टक्के. सगळं तोंडी. १४ महिन्यांत माझी एकाही कागदावर सही झालेली नाही.

आता निर्माती मिळालीय, शूट १० आठवड्यांवर आलंय. तिच्याकडून दोन निरोप आले. एक, स्क्रिप्ट महाग आहे, १५ पानं कापा. दोन, नामावलीत 'लेखन-दिग्दर्शन' असं मित्राचं एकट्याचं नाव जाईल, माझं 'संवाद साहाय्य'. मित्र म्हणतो, पहिलीच फिल्म आहे, फेस्टिव्हलला एकच नाव बरं दिसतं, पुढच्या फिल्मला बघू. मैत्री १५ वर्षांची आहे. गप्प बसू, भांडू की सोडून देऊ? आणि स्वतंत्र फिल्म्सचं फ्रीलान्स लेखन करून जगता येतं का, तेही खरं खरं सांगा. सोबत सीन ४१ जोडतोय. निर्मातीचा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे.

— चौथ्या ड्राफ्टवरचा

ताई म्हणालास, तेव्हा सरळ अरे-तुरेवर येते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस: १४ महिन्यांत एकाही कागदावर सही नाही. ते वाचून मी सुटकेचा सुस्कारा सोडला. अरे, माझ्याकडे येणारी सगळ्यात वाईट पत्रं सही करून बसलेल्यांची असतात. 'जगभरातले, सर्व माध्यमांतले, आज अस्तित्वात असलेले आणि पुढे शोध लागतील तेही सर्व हक्क, कायमचे' असं लिहिलेलं दीड पान असतं, मित्राच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून घाईत सही ठोकलेली असते आणि मग विचारतात, ताई, आता काय करू? त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं उरतं. तुला सांगण्यासारखं बरंच आहे.

तुझ्या हातात काय आहे ते आधी बघ. बर्न करार म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, मूळचा १८८६ चा. १९०८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ठरलं की लेखकाला स्वतःच्या लिखाणावरचा हक्क मिळवायला नोंदणी, अर्ज, शिक्का असं काहीही लागू नये. लिहिलं, की हक्क लेखकाचा. आज १८० हून अधिक देश या करारात आहेत. नोंदणी केलेली चांगलीच, वाद झाला तर तारखेचा पुरावा म्हणून कामी येते; पण ती नाही म्हणून तुझं लिखाण बेवारस होत नाही. आणि हा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर बहुतेक ठिकाणी लेखी कागद आणि तुझी सही लागते. अमेरिकेत 'वर्क मेड फॉर हायर' नावाचं एक कलम आहे, त्याखाली निर्मिती संस्थाच कायद्याने लेखक ठरते. पण बाहेरून लिहून देणाऱ्या लेखकाच्या बाबतीत तेही सहीशिवाय होत नाही.

म्हणजे आजच्या तारखेला त्या १०४ पानांचा मालक तू आहेस. मित्र नाही, निर्माती तर नाहीच.

आता ही मालकी त्यांना कुठे अडते ते ऐक, कारण सेटवरच्या लोकांना हे माहीत नसतं. फिल्म पूर्ण झाली, वितरक किंवा स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म घ्यायला तयार झाला, की पहिली मागणी येते ती हक्कांच्या साखळीची. धंद्यात तिला 'चेन ऑफ टायटल' म्हणतात. कल्पनेपासून तयार फिल्मपर्यंत प्रत्येक हक्क कुणाकडून कुणाकडे गेला, त्याचे सह्यांचे कागद एकामागे एक लावून दाखवावे लागतात. एरर्स अँड ओमिशन्स नावाचा विमा असतो, कुणी 'ही माझी गोष्ट' म्हणून दावा लावला तर खर्च उचलणारा. तो देणारी कंपनीही हीच साखळी मागते. या साखळीची पहिली कडी पटकथालेखकाची सही. ती नसेल तर फेस्टिव्हलमध्ये टाळ्या मिळतील, पण विक्रीच्या टेबलावर फाइल परत येईल. तुझ्या निर्मातीने चार फिल्म्स केल्या असतील तर तिला हे पाठ असेल. आणि माझा अंदाज असा आहे की तुझा कागद झालेलाच नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मित्राने 'स्क्रिप्ट माझं आहे' म्हटलं असेल, ती तेच धरून चालली असेल.

पण म्हणून शूट संपेपर्यंत गप्प बसायचं आणि मग ऐन विक्रीच्या वेळी हुकमाचं पान टाकायचं, असला विचार करू नकोस. एक तर तो ब्लॅकमेलच्या जवळ जातो. दुसरं, तो कायद्यातही फसतो. १९९० साली अमेरिकेत एका खटल्याचा निकाल लागला. एका भयपटाच्या दिग्दर्शकाने स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीकडून काही दृश्यं करून घेतली, त्यातलं एक मनासारखं झालं नाही म्हणून ठरलेले पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि फिल्ममध्ये दृश्यं मात्र वापरली. कागद नव्हताच. न्यायालय म्हणालं, कॉपीराइट कंपनीकडेच आहे, कारण लेखी हस्तांतर झालेलं नाही. पण फिल्मसाठीच बनवून तुम्ही आपल्या हाताने दिलंत, तेव्हा वापरायची परवानगी दिलीत असंच धरावं लागेल. पैशांसाठी करारभंगाचा दावा लावा, फिल्म अडवता येणार नाही. निकालपत्रात न्यायाधीशांनी खवचटपणे लिहून ठेवलंय की फिल्मवाले एकत्र जेवायला जातात, करार करत नाहीत. देश बदलला की तपशील बदलतील, पण धोका तोच: तू ड्राफ्ट पाठवत राहिलास, त्यांनी शूट केलं, तू काही बोलला नाहीस, तर तुझ्या गप्प राहण्यालाच होकार समजलं जाईल. आज तुझ्या सहीला जी किंमत आहे ती शूटच्या पहिल्या दिवशी निम्मी होईल. १० आठवडे आहेत, ते पुष्कळ आहेत.

भांडायच्या आधी मित्राची बाजूही नीट मांडून बघ. कल्पना त्याची होती. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत, ज्या प्रसंगांत उतरते त्यावर असतो. बौद्धिक मालमत्तेवरच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. एक्स्चेंजची शेवटची रात्र ही कल्पना उद्या आणखी कुणाला सुचू शकते. तुझी ऑपरेटर कुणाचा आवाज ऐकून हेडफोन काढून ठेवते, हे तुझं. तरीही त्या दोन ओळी नसत्या तर १०४ पानं झाली नसती. म्हणून 'कथा' या श्रेयात त्याचं नाव तुझ्याबरोबर असावं असं मला वाटतं. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी तीन श्रेयं वेगळी देण्याची पद्धत आहे, ती अशा वेळी फार सोयीची पडते. कथा दोघांची, पटकथा-संवाद तुझे. त्याने तुझ्या शेजारी बसून प्रसंग रचले असतील, पानं लिहिली असतील, तर पटकथेतही त्याचा वाटा मान्य कर. 'हे जरा ट्रिम कर' असे व्हॉइस मेसेज पाठवणं म्हणजे लिहिणं नाही. तो दिग्दर्शकाच्या कामाचाच भाग.

अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डचे, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचे नियम तुम्हाला लागू नसतील, पण मोजपट्टी म्हणून ते हाताशी ठेव. मूळ पटकथेवर नंतर आलेल्या लेखकाला श्रेय हवं असेल तर त्याचा वाटा किमान ५० टक्के असावा लागतो. आणि श्रेय मागणारा माणूस दिग्दर्शक किंवा निर्माता असेल तर प्रकरण आपोआप लवादाकडे जातं, सगळे ड्राफ्ट नावं झाकून वाचले जातात. म्हणजे दिग्दर्शकाला लेखकाच्या खुर्चीत बसायचा मोह होतो, हे त्या लोकांनी नियम करतानाच गृहीत धरलंय! त्यांच्या नामावलीत एक गंमतही असते: दोन नावांमध्ये ॲम्परसँडची खूण असेल तर ते दोघं जोडीने लिहीत होते, आणि 'अँड' असा पूर्ण शब्द असेल तर एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने नंतर काम केलं. पुढच्या वेळी नामावली बघताना लक्ष दे.

फेस्टिव्हलला एकच नाव बरं दिसतं, हे मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. फेस्टिव्हलच्या अर्जात पटकथालेखकाचा रकाना वेगळा असतो. तो भरल्याने कुठली फिल्म परत आलेली मी पाहिलेली नाही. आणि 'संवाद साहाय्य' म्हणजे काय? हे श्रेय ऐकून मला राग तुझ्या मित्राचा आला नाही, त्या शब्दाचा आला. पुढचं काम मागायला जाशील तेव्हा समोरचा तुझं नाव शोधणार, आणि त्याला तिथे साहाय्यक दिसणार. मानधन एकदा बुडालं तर एकदाच बुडतं.

आता पैसे. निव्वळ नफ्यातले १० टक्के ऐकायला घसघशीत वाटतात. आर्ट बुकवाल्ड नावाचे एक अमेरिकन विनोदी स्तंभलेखक होते. पॅरामाउंट स्टुडिओने त्यांच्या कथेच्या टिपणाचे हक्क घेतले होते, त्यात निव्वळ नफ्याचा वाटा ठरला होता. १९८८ साली तशाच कल्पनेवरचा स्टुडिओचा एक विनोदी चित्रपट आला आणि तुफान चालला. स्टुडिओने हिशेब दाखवला: निव्वळ नफा शून्य. प्रकरण कोर्टात गेलं, १९९० साली न्यायाधीशांनी नफा मोजायची ती पद्धतच अन्यायकारक ठरवली. बुकवाल्ड जिंकले, पण त्यांच्या पाठीशी नाव होतं, वकील होते आणि वर्षानुवर्षं लढायची ताकद होती.

स्वतंत्र फिल्ममध्ये तर लबाड हिशेबनीसाचीही गरज नसते. नफा खरोखरच नसतो. विक्रीचे पैसे आले की आधी वितरकाचं आणि सेल्स एजंटचं कमिशन, मग पोस्टर, ट्रेलर, सबटायटल, फेस्टिव्हलच्या वाऱ्या, मग गुंतवणूकदारांची मुद्दल आणि बहुतेकदा तिच्यावर आणखी काही टक्के, मग ज्यांचं मानधन पुढे ढकललंय ते कॅमेरामन, संकलक, नट. या सगळ्यांच्या नंतर 'निव्वळ' सुरू होतं. तुझे १० टक्के त्या शेवटच्या रिकाम्या भांड्यातले आहेत. घे, नाही म्हणू नकोस, क्वचित लॉटरी लागते. पण त्याला मानधन म्हणू नकोस.

मानधन बांधायचं ते शूटच्या पहिल्या दिवसाशी. माझ्याकडे कुणी सल्ल्याला आलं की त्याच्याकडून मी हेच घोकून घेते. रिलीजच्या दिवशी खात्यात काही उरलेलं नसतं, विक्रीच्या दिवसाचा भरवसा नसतो. शूटच्या पहिल्या दिवशी मात्र पैसे बँकेत असतातच, नाहीतर कॅमेरा भाड्याने आलाच नसता. परदेशातल्या स्वतंत्र फिल्म्समध्ये पटकथेची खरेदी साधारण बजेटच्या २ ते ३ टक्क्यांत बसवतात, खाली एक किमान आकडा आणि वर एक कमाल आकडा लिहून. किमान आकडा महत्त्वाचा, कारण बजेट कागदावर लहान करता येतं. पैसे अजून उभे राहिलेच नसतील तर खरेदीऐवजी ऑप्शन देतात: खरेदीच्या किमतीच्या साधारण १० टक्के देऊन निर्माता १२ ते १८ महिने तुझं स्क्रिप्ट फक्त राखून ठेवतो. मुदतीत शूट सुरू झालं तर उरलेले पैसे देऊन हक्क त्याचे, नाही झालं तर स्क्रिप्ट घरी परत. तुझ्या बाबतीत शूट ठरलंय, तेव्हा ऑप्शनचा घाट घालायला नको. सरळ खरेदीचा करार कर, फक्त हक्क परत येण्याची मुदत त्यात राहू दे. ठरलेली शूट्स किती वेळा मोडतात ते तुला अजून बघायचंय.

आणि ड्राफ्ट मोज. करारात 'लेखक आवश्यक ते बदल करून देईल' असं वाक्य असेल तर ते खोड. किती ड्राफ्ट, त्यानंतर किती किरकोळ दुरुस्त्या, आणि सूचना कुणाकडून येणार, हे लिहून घे. शेवटचं मी स्वतः ठेच खाऊन शिकले. माझ्या दुसऱ्या फिल्मवर तीन जण सूचना देत होते. एकाला नायिकेची बहीण मध्यंतराआधी मरायला हवी होती, दुसऱ्याला ती शेवटपर्यंत हवी होती, तिसऱ्याचं म्हणणं बहीण हवीच कशाला. नऊ ड्राफ्टमध्ये ती बाई तीनदा मेली आणि दोनदा जन्मालाच आली नाही. पैसे एका ड्राफ्टचे मिळाले. फिल्म झालीच नाही, ती अजून कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर आहे. तेव्हापासून माझ्या करारात एक ओळ असते: सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्रित आणि लेखी. आता तिला जोडून एआयचीही एक ओळ घाल, की स्क्रिप्ट एखाद्या यंत्राला भरवून 'पॉलिश' करून घेतलं तरी श्रेय आणि मानधन घटणार नाही. २०२३ साली हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर बसले होते, त्यातून त्यांना जे मिळालं त्यात एआयला लेखक मानता येणार नाही हेही होतं. तुझ्यामागे संघटना नाही, म्हणून तुला ते स्वतः लिहावं लागेल.

मागायला संकोच वाटत असेल. मग तोंडी मागूच नकोस. ही ईमेल पाठव, शब्द तुझ्या वळणाचे कर:

'शूटची तारीख ठरली, फार बरं वाटलं. त्याआधी लेखनाचा करार करून टाकू, म्हणजे पुढे विक्रीच्या वेळी चेन ऑफ टायटलला अडचण यायला नको. माझ्या बाजूने असं: कथा तुझी आणि माझी, पटकथा-संवाद माझे, नामावलीत, पोस्टरवर आणि जिथे जिथे दिग्दर्शक म्हणून तुझं नाव येईल तिथे. मानधन बजेटच्या अमुक टक्के, किमान इतकं. निम्मं सहीच्या दिवशी, निम्मं शूटच्या पहिल्या दिवशी. नफ्यातले १० टक्के तू म्हणाला होतास तसे, वेगळे. १८ महिन्यांत शूट सुरू झालं नाही तर हक्क माझ्याकडे परत. सही झाली की लगेच पाचव्या ड्राफ्टला बसतो. सीन ४१ स्वस्तात कसा होईल ते डोक्यात तयार आहे. शुक्रवारपर्यंत कळव.'

बघ, यात १४ महिन्यांचा उल्लेख नाही, मैत्रीचा नाही, 'मला वाईट वाटलं' नाही. वाईट वाटलंय ते त्याला माहीत आहे, लिहिलंस तर तो त्यावरच उत्तर देत बसेल आणि मुद्दे राहतील बाजूला. कारण दिलंय ते त्यांच्या फायद्याचं, आणि खरंही आहे. शेवटी पाचव्या ड्राफ्टची लालूच आहे, कारण शूट तोंडावर आलेलं असताना त्यांना सगळ्यात जास्त तेच हवंय. आधी फक्त मित्राला पाठव. शुक्रवार उलटून गेला तर तीच ईमेल, एक शब्द न बदलता, निर्मातीला पुढे पाठव आणि वर एवढंच लिही की तुमच्या माहितीसाठी. त्या दिवशी फोन येईल. तुला, किंवा त्याला.

तो आकड्यावर घासाघीस करेल. कर, पैशात खाली ये, पहिली फिल्म आहे, खरंच हात तोकडे असतील. श्रेयात येऊ नकोस. 'विश्वास नाही का माझ्यावर' असं म्हणाला तर सांग की आहे, पण पाच वर्षांनी ही फिल्म कुणाच्या ताब्यात असेल ते तुला तरी कुठे माहीत आहे. आणि सरळ नाहीच म्हणाला, तर एका ओळीची लेखी सूचना पाठव की करार होईपर्यंत माझ्या पटकथेवर शूट करायला माझी संमती नाही. तिथून पुढे वकील, आणि तोही घरचा कुणी नको, फिल्मचे करार वाचणारा हवा. एका तासाची फी दे. मला वाटतं तिथवर जाणार नाही. १५ वर्षांची मैत्री दोन पानांच्या कराराने तुटत असेल असं मला आजवर दिसलेलं नाही. नामावली बघताना थिएटरच्या अंधारात तुटलेल्या मैत्र्या मात्र माझ्या ओळखीत तीन आहेत.

जगता येतं का? नुसत्या स्वतंत्र फिल्म्सवर, नाही. मला तरी कधी जमलं नाही. बाकीच्यांच्या स्क्रिप्ट वाचून अहवाल देणं, सबटायटल, माहितीपटाचं निवेदन, मालिकेच्या टीममध्ये काही महिने, असं करून मी महिन्याचे निम्मे दिवस विकते आणि निम्मे राखते. नोकरी सोडलीस त्याला दोन वर्षं झाली, आता स्वतःला हा हिशेब लाव. स्क्रिप्ट घडवायला मदत करणारे विकास निधी आणि लॅब, म्हणजे कार्यशाळा, यांवर नजर ठेव: रॉटरडॅम फिल्म फेस्टिव्हलचा हुबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आहे, आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या प्रकल्पांना स्क्रिप्टच्या टप्प्यावरही मदत करतो, सन्डान्सच्या लॅब १९८१ पासून चालतात, टोरिनो फिल्म लॅब २००८ पासून. अशा ठिकाणी प्रकल्पाला बहुधा दिग्दर्शकाचं नाव जोडलेलं लागतं, एकट्या लेखकाला दार अरुंद. त्यासाठीही हा मित्र मित्रच राहिलेला बरा. आणि कुणीही न मागितलेलं, पूर्णपणे तुझं असं एक स्क्रिप्ट कपाटात तयार ठेव. लोक काम देण्याआधी तेच वाचायला मागतात.

आता सीन ४१. इथे मी निर्मातीच्या बाजूने आहे.

तू लिहिलंयस: बाहेर, रस्ता, रात्र, मुसळधार पाऊस, एक्स्चेंजच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत ३० माणसांची रांग, मधून एक ॲम्ब्युलन्स जाते, आणि ऑपरेटर छत्री घेऊन बाहेर येऊन त्या रांगेत एकच चेहरा शोधते: ज्या माणसाचे फोन ती २० वर्षं जोडत आलीय तो. सव्वातीन पानं. छान वाचतं. पण निर्माती १५ पानं कापायला सांगतेय, तेव्हा तिचा हिशेब असा असणार: दिवसाला ५ पानं धरली तर १०४ पानांना २१ दिवस, ८९ पानांना १८. तीन दिवस वाचतात. शेड्यूलवाले पानाचे आठ भाग करून मोजतात, पण प्रत्येक आठवा भाग सारख्या किमतीचा नसतो. ऑपरेटर स्विचबोर्डसमोर बसून बोलते अशी सहा पानं एका दिवसात निघतील. ही सव्वातीन पानं दोन रात्री खातील. खोटा पाऊस म्हणजे पाण्याचे टँकर, भिजलेल्या कपड्यांचे दोन-तीन जोड, प्रत्येक टेकनंतर ३० डोकी कोरडी करणं; शिवाय पाऊस कॅमेऱ्यात दिसायचा तर त्याच्या मागून दिवे मारावे लागतात, नाहीतर एवढं पाणी ओतून पडद्यावर नुसता अंधार. सहायक दिग्दर्शकाकडून ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागतं त्याची यादी, मागून घे आणि असे तीन सीन शोध. ते बदललेस तर १५ पानांना हात न लावता तिचे दिवस वाचतील. तिला पानं नकोच आहेत, दिवस हवेत.

आणि सीन आत आण. ऑपरेटर खुर्चीवरून उठतच नाही. बोर्डवरचे दिवे एकामागून एक लागतायत, रांग बाहेर आहे पण आपल्याला ती फक्त आवाजात ऐकू येते, पत्र्यावर पाऊस वाजतोय. खिडकीच्या फटीतून एक एक हात चिठ्ठीवर नंबर लिहून आत सरकवतो. मग एक हात येतो, मनगटापर्यंत ओला, चिठ्ठीवरचे आकडे पाण्याने पसरलेले. नंबर वाचायच्या आधीच ती फोन जोडायची दोरी उचलते, कारण तो नंबर तिला पाठ आहे. चेहरा दाखवू नकोस. २० वर्षं ती त्याला आवाजाने ओळखतेय. रस्त्यावर नेऊन चेहरा दाखवलास तर तो नट कितीही चांगला असो, प्रेक्षक म्हणणार, अच्छा, हा होय. दोन पानं, एक खोली, एक नटी, एक हात. हे तुझ्या आधीच्या सीनपेक्षा चांगलं आहे आणि स्वस्त असल्यामुळे चांगलं आहे, असं मी म्हटलं तर तुला पटणार नाही. लिहून बघ.

पाचवा ड्राफ्ट वाचायला मला आवडेल. पण सही होईपर्यंत कुणाला पाठवू नकोस, मलासुद्धा.